विश्लेषण : अकरा वर्षांचा खटला, सोळा महिन्यांचे स्वातंत्र्य… कोण होते ड्रेड स्कॉट?

अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल आपोआप अमेरिकेचे नागरिक होते का, हा वाद २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशामुळे पुन्हा न्यायालयात गेला. एच-१बी व्हिसावर तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही त्याची काळजीने चर्चा झाली. या चर्चेत ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे नाव वारंवार येते, ती १८६८ची. आणि ती करावी लागली ती एक निकाल कायमचा पुसून टाकण्यासाठी. तो निकाल लागला होता एका गुलामाच्या खटल्यात. ड्रेड स्कॉट हे नाव अमेरिकी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. या नावामागे लिहिता-वाचता न येणारा एक माणूस होता, त्याची बायको होती आणि दोन मुली होत्या. त्यांची गोष्ट मात्र खटल्याखाली दबून गेली.

ड्रेड स्कॉट मूळचे कुठले?

त्यांचा जन्म १७९९च्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातील साउथॅम्प्टन काउंटीत झाला. मालकाचे नाव पीटर ब्लो. गुलामाच्या मुलाचा जन्म म्हणजे मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर. त्यामुळे तारीख-वार लिहून ठेवण्याची गरज फारशी कुणाला वाटत नसे.

व्हर्जिनियातल्या जुन्या जमिनींचा कस कमी होत चालला होता आणि पश्चिमेला, दक्षिणेला नव्या जमिनी खुल्या होत होत्या. १८१८ मध्ये ब्लो कुटुंबाने बिऱ्हाड हलवले आणि अलाबामात हंट्सव्हिलजवळ जाऊन शेती केली. शेती काही जमली नाही. १८३० मध्ये पुन्हा गाशा गुंडाळून ते मिसुरी राज्यातील सेंट लुइसला आले आणि तिथे लॉज चालवू लागले. प्रत्येक मुक्कामाला सामानाबरोबर गुलामही गेले.

हे एकट्या ब्लो कुटुंबाचे नव्हते. परदेशातून गुलाम आणण्यावर अमेरिकेने १८०८ पासून बंदी घातली होती. तरीही १७९०च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत ३९ लाखांच्या वर गेली. कापसाच्या पट्ट्यात माणसांची मागणी वाढत होती आणि व्हर्जिनियासारखी जुनी राज्ये ती पुरवत होती. देश जसा फैलावत गेला तशी गुलामगिरीही फैलावत गेली.

१८३२ मध्ये पीटर ब्लो वारले. त्याच सुमारास स्कॉट यांना डॉ. जॉन एमर्सन यांनी विकत घेतले. एमर्सन लष्करात सर्जन झाले आणि त्यांच्या बदल्यांनी स्कॉट यांच्या आयुष्याला वळण दिले.

नकाशावरची ती रेघ कोणती?

इथे थोडा भूगोल समजून घ्यावा लागतो, कारण पुढचा सगळा खटला त्यावरच उभा आहे.

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अवाढव्य मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. देशाचे क्षेत्रफळ एका व्यवहारात जवळपास दुप्पट झाले. त्या मुलखात आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांना अर्थातच कुणी विचारले नाही. या नव्या जमिनीवर जी राज्ये बनतील ती गुलामगिरी असलेली की नसलेली, यावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात जुंपली. कारण राज्य वाढले की सिनेटमध्ये दोन जागा वाढतात, आणि तिथला तोल कुणाकडे झुकतो यावर सगळे अवलंबून होते.

१८२० मध्ये तोडगा निघाला, तो मिसुरी तडजोड या नावाने ओळखला जातो. मिसुरी राज्य गुलामगिरीसह संघात आले, मेन गुलामगिरीविना आले. उरलेल्या लुइझियाना मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी झाली. जिथे अजून राज्य बनलेले नव्हते त्या भागाला टेरिटरी म्हणत आणि तिचा कारभार थेट काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाच्या हाती असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे निकालात ती कळीची ठरली.

म्हणजे नकाशावर एक आडवी रेघ होती. तिच्या एका बाजूला माणूस विकता येत होता, दुसऱ्या बाजूला नाही.

एमर्सन यांची पहिली नेमणूक १८३३च्या अखेरीस इलिनॉय राज्यातील फोर्ट आर्मस्ट्राँग इथे झाली. इलिनॉयच्या राज्यघटनेत गुलामगिरीला मनाई होती. १८३६ मध्ये बदली झाली ती थेट उत्तरेला, फोर्ट स्नेलिंग इथे. मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरचा हा लष्करी किल्ला. तेव्हा तो विस्कॉन्सिन टेरिटरीत होता, आज मिनेसोटा राज्यात आहे. रेघेच्या कितीतरी वर. दोन्ही ठिकाणी स्कॉट डॉक्टरांच्या सेवेत राहिले. कायदा कागदावर होता, पण लष्करी अधिकारी सर्रास गुलाम बाळगत आणि किल्ल्यात त्यांना कुणी हटकत नसे.

हॅरिएट कोण होत्या?

फोर्ट स्नेलिंगमध्ये लॉरेन्स टॅलिअफेरो नावाचे सरकारी एजंट होते. डकोटा आणि ओजिब्वे या मूळ रहिवाशांशी व्यवहार सांभाळणे हे त्यांचे काम. हॅरिएट रॉबिन्सन ही तरुणी त्यांच्याकडे गुलाम होती. ड्रेड आणि हॅरिएट यांचे लग्न १८३६-३७च्या सुमारास झाले आणि ते टॅलिअफेरो यांनीच दंडाधिकारी या नात्याने लावले.

वरवर साधी वाटणारी ही घटना नीट पाहायला हवी. गुलामगिरीच्या राज्यांत गुलामांच्या लग्नाला कायद्याने काडीची किंमत नव्हती. मालकाच्या परवानगीने ते एकत्र राहत आणि मालकाची मर्जी फिरली की नवरा एका गावाला, बायको दुसऱ्या गावाला विकली जाई. इथे मात्र सरकारी अधिकाऱ्याने दोघांचा विवाह करार म्हणून लावला होता. आणि करार करू शकतो तो माणूस, वस्तू नव्हे. पुढे सर्वोच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी नेमके याच लग्नावर बोट ठेवले.

लग्नानंतर हॅरिएट एमर्सन यांच्याकडे आल्या. १८३७च्या अखेरीस डॉक्टरांची पुन्हा बदली झाली. ते दक्षिणेला गेले आणि स्कॉट दाम्पत्याला किल्ल्यावरच इतरांकडे कामाला लावून गेले. त्यांच्या मजुरीचे पैसे डॉक्टरांना मिळत. म्हणजे मालक शेकडो मैल दूर, गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात दोन माणसे राबताहेत आणि त्यांच्या घामाचा पैसा मात्र मालकाच्या खिशात.

१८३८ मध्ये एमर्सन यांनी लुइझियानात एलिझा आयरीन सॅनफर्ड यांच्याशी लग्न केले आणि स्कॉट दाम्पत्याला तिकडे बोलावून घेतले. काही महिन्यांतच सगळे पुन्हा उत्तरेला निघाले. या प्रवासात, ऑक्टोबर १८३८ मध्ये, मिसिसिपीवर चाललेल्या ‘जिप्सी’ नावाच्या आगबोटीवर हॅरिएट यांना मुलगी झाली. बोट तेव्हा मिसुरीची हद्द ओलांडून वर गेली होती. एका तीरावर इलिनॉय, दुसऱ्या तीरावर रेघेच्या उत्तरेची टेरिटरी. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी. मुलीचे नाव एलिझा ठेवले. धाकटी लिझी पुढे मिसुरीत जन्मली.

खटला दाखल करण्याची वेळ का आली?

१८४० मध्ये डॉ. एमर्सन यांना फ्लोरिडात सेमिनोल लोकांविरुद्धच्या युद्धावर धाडण्यात आले आणि स्कॉट कुटुंब आयरीन यांच्याबरोबर सेंट लुइसला परतले. १८४३च्या डिसेंबरमध्ये डॉक्टर वारले. त्यांच्या पश्चात आयरीन एमर्सन यांनी ड्रेड आणि हॅरिएट यांना भाड्याने देणे सुरू ठेवले. स्कॉट यांनी पैसे देऊन स्वतःची आणि कुटुंबाची सुटका करून घेण्याचा प्रस्ताव ठेवला होता आणि तो नाकारला गेला, असे सांगितले जाते.

६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड आणि हॅरिएट यांनी सेंट लुइसच्या सर्किट कोर्टात स्वतंत्रपणे दोन अर्ज दाखल केले. सहीच्या जागी दोघांनीही फुली मारली. दोन अर्ज का, याचे उत्तर मुलींमध्ये आहे. मुलाचा दर्जा आईवरून ठरे. बाप सुटला आणि आई गुलामच राहिली, तर मुलीही गुलामच. एलिझा तेव्हा सात वर्षांची होती. ज्या वयात मुलींना बाजारात चांगली किंमत येई, ते वय फार लांब नव्हते.

आज वाचताना वाटते की गुलामाने मालकिणीवर खटला भरणे हेच केवढे धाडस! धाडस होतेच, पण नवलाईचे नव्हते. मिसुरीच्या कायद्यात अशा दाव्यांची तरतूद होती आणि एकट्या सेंट लुइसच्या कोर्टात असे ३००च्या आसपास दावे दाखल झाले. १८२४ पासून मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका ठरलेली होती. मालकाने गुलामाला बंदी असलेल्या प्रदेशात नेऊन वसवले, तर तो गुलाम मुक्त. आणि एकदा मुक्त झालेला माणूस मिसुरीत परतला म्हणून पुन्हा गुलाम होत नाही. १८३६ मध्ये तर रेचल नावाच्या स्त्रीच्या खटल्यात, लष्करी अधिकाऱ्यालाही हाच नियम लागू आहे असे कोर्टाने सांगितले होते. तिलाही फोर्ट स्नेलिंगलाच ठेवले होते! म्हणजे स्कॉट यांची बाजू जवळजवळ तयार निकालासारखी होती.

मदतीला धावले ते पीटर ब्लो यांचे मुलगे आणि जावई. लहानपणी ज्यांना स्कॉट यांनी खेळवले, तीच ही मुले. त्यांनी कोर्टाच्या खर्चाची हमी घेतली.

सोपा खटला इतका लांबला कसा?

जून १८४७ मध्ये सुनावणी झाली. आयरीन एमर्सन याच स्कॉट यांच्या मालकीण आहेत, एवढे सिद्ध करायचे होते. त्यासाठी सॅम्युएल रसेल नावाचे साक्षीदार उभे केले. आपण स्कॉट दाम्पत्याला आयरीनबाईंकडून भाड्याने घेतले, असे त्यांनी सांगितले. उलटतपासणीत निघाले की हा व्यवहार त्यांच्या बायकोने केला होता; त्यांनी फक्त पैसे चुकते केले होते. झाले! साक्ष ऐकीव ठरली आणि दावा पडला. परिणाम असा, की आयरीनबाई मालकीण असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून कोर्टाने स्कॉट यांना त्यांच्याच ताब्यात राहू दिले.

फेरसुनावणीची परवानगी मिळाली, पण ती व्हायला १८५० उजाडले. मधल्या काळात, १८४९ मध्ये, सेंट लुइसमध्ये मोठी आग लागली आणि कॉलऱ्याच्या साथीने शहर हवालदिल झाले. या सगळ्या वर्षांत शेरीफ स्कॉट कुटुंबाला भाड्याने देत होता आणि मजुरी कोर्टाकडे जमा होत होती, खटला जिंकणाऱ्याला द्यायची म्हणून.

१२ जानेवारी १८५० रोजी न्यायाधीश अलेक्झांडर हॅमिल्टन (अमेरिकेच्या संस्थापकांपैकी हॅमिल्टन ते वेगळे) यांच्यासमोर ज्युरीने निकाल दिला : ड्रेड स्कॉट मुक्त आहेत. गोष्ट इथे संपायला हवी होती. आयरीन एमर्सन यांनी अपील केले. वेळ आणि पैसा वाचावा म्हणून, ड्रेड यांच्या खटल्याचा जो निकाल लागेल तोच हॅरिएट यांना लागू होईल असे दोन्ही पक्षांनी मान्य केले. इतिहासाच्या पुस्तकांतून हॅरिएट हे नाव गळाले ते इथे.

मिसुरीने आपलाच नियम का मोडला?

कारण या सहा वर्षांत देशच बदलला होता. स्कॉट यांनी अर्ज केला त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मेक्सिकोविरुद्ध युद्ध पुकारले. १८४८ मध्ये युद्ध संपले तेव्हा कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रदेश अमेरिकेच्या पदरात पडला होता. पुन्हा तोच प्रश्न आला : या जमिनीवर गुलामगिरी चालणार की नाही? भांडण इतके चिघळले की दक्षिणेकडच्या राज्यांत उत्तरेचा कायदा मानणे हीच शरणागती वाटू लागली.

२२ मार्च १८५२ रोजी मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी स्कॉट यांचे स्वातंत्र्य काढून घेतले. न्यायालयाने लपवाछपवी केली नाही. काळ बदलला आहे आणि गुलामगिरीविरुद्ध वातावरण तापवणाऱ्या राज्यांचे कायदे आम्ही का पाळावेत, अशा अर्थाची भूमिका निकालपत्रातच घेतली. विरोधी मत देणारे हॅमिल्टन गॅम्बल स्वतः गुलामांचे मालक होते. तरी पायंडा हा पायंडा, तो वाऱ्याबरोबर बदलत नाही, असे त्यांचे मत पडले. अठ्ठावीस वर्षांचा नियम कायदा न बदलता बदलला होता. सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा टप्पा कदाचित हाच.

मग प्रकरण वॉशिंग्टनला कसे पोहोचले?

आयरीन एमर्सन तोवर मॅसॅच्युसेट्सला गेल्या होत्या. १८५० मध्ये त्यांनी डॉ. कॅल्विन चॅफी यांच्याशी लग्न केले. चॅफी होते गुलामगिरीचे कडवे विरोधक आणि पुढे काँग्रेसवर निवडून गेले. सेंट लुइसमधला कारभार पाहत होते आयरीन यांचे भाऊ जॉन सॅनफर्ड, आणि ते न्यूयॉर्कचे रहिवासी होते.

याच पत्त्याचा उपयोग स्कॉट यांचे नवे वकील रॉसवेल फील्ड यांनी केला. वादी एका राज्याचा नागरिक आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा असेल, तर खटला केंद्रीय न्यायालयात चालवता येतो. १८५३ मध्ये फील्ड यांनी सॅनफर्ड यांच्यावर दावा लावला. स्कॉट, त्यांची पत्नी आणि मुली यांना डांबून मारहाण केल्याबद्दल ९ हजार डॉलर नुकसानभरपाईची मागणी होती. १८५४ मध्ये तिथेही निकाल विरोधात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. कारकुनाने प्रतिवादीच्या आडनावात एक जादा अक्षर घातले. तो खटला आजही ‘सँडफर्ड’ अशाच चुकीच्या स्पेलिंगने ओळखला जातो.

स्कॉट यांच्या बाजूने माँटगोमेरी ब्लेअर यांनी फी न घेता युक्तिवाद केला. फेब्रुवारी १८५६ मध्ये सुनावणी झाली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा. मधे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती.

६ मार्च १८५७ : निकालात नेमके काय होते?

नऊ न्यायमूर्ती, त्यांतले पाच गुलामगिरीच्या राज्यांतले. सरन्यायाधीश रॉजर टॉनी मेरीलँडचे, वय ७९. त्यांनी स्वतः तरुणपणी आपल्या वाट्याला आलेले गुलाम मुक्त केले होते. त्यामुळे निकाल वाचताना धक्का अधिक बसतो.

आधी ठरले होते ते वेगळेच. मिसुरीत परतलेल्या माणसाला मिसुरीचाच कायदा लागू, एवढ्यावर छोटा निकाल देऊन विषय संपवायचा, असा बेत होता आणि न्यायमूर्ती नेल्सन यांनी तसा मसुदाही लिहिला. नंतर बहुमताने ठरवले की मोठा प्रश्न कायमचा निकालात काढू आणि लेखणी टॉनी यांच्या हाती गेली.

पहिला प्रश्न : स्कॉट नागरिक आहेत का? टॉनी यांचे उत्तर होते, नाही. आणि फक्त गुलाम म्हणून नाही. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, ते आज मुक्त असले तरी राज्यघटनेच्या अर्थाने नागरिक नाहीत आणि होऊही शकत नाहीत. त्या वेळी देशात पावणेपाच लाखांच्या आसपास मुक्त कृष्णवर्णीय होते. कर भरणारे, घरे असलेले. एका परिच्छेदाने ते सगळे देशाबाहेरचे ठरले.

इथे तर्काची एक गंमत आहे. स्कॉट नागरिकच नसतील, तर केंद्रीय न्यायालयाला हा खटला ऐकण्याचा अधिकारच उरत नाही. फाइल बंद. पहिलीच अट फसली की पुढच्या पायऱ्या येतच नाहीत. टॉनी मात्र थांबले नाहीत. दुसरा प्रश्नही त्यांनी घेतला : टेरिटरीत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला होता का? उत्तर पुन्हा नाही. गुलाम ही मालमत्ता. कुणी आपली मालमत्ता घेऊन देशाच्या सामाईक जमिनीवर गेला म्हणून ती काढून घेता येत नाही. त्यामुळे १८२०ची मिसुरी तडजोड घटनाबाह्य. नकाशावरची ती रेघ, जिच्या उत्तरेला स्कॉट यांनी संसार मांडला, ती मुळात कधी वैधच नव्हती असे ठरले. खरे तर काँग्रेसने ती तडजोड १८५४ मध्येच रद्द केली होती. तरीही न्यायालयाला ती मुळापासून खोडायची होती. काँग्रेसचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवण्याची इतिहासातली ही दुसरीच वेळ.

सात विरुद्ध दोन. मॅक्लीन आणि कर्टिस यांनी विरोधी मते लिहिली. कर्टिस यांनी टॉनी यांचा इतिहासच चुकीचा ठरवला. राज्यघटना मंजूर झाली तेव्हा न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलिना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार होता. ज्यांच्या मताने राज्यघटना आली, त्यांनाच ती परके कसे मानेल, असा त्यांचा मुद्दा होता. स्कॉट यांच्या लग्नाचा दाखला दिला तोही कर्टिस यांनीच. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला.

राष्ट्राध्यक्षांना निकाल आधीच ठाऊक होता?

होय. निकालाच्या दोनच दिवस आधी, ४ मार्चला जेम्स ब्यूकॅनन यांनी शपथ घेतली. हा प्रश्न न्यायालय लवकरच सोडवेल आणि जो निकाल येईल तो आपण आनंदाने मान्य करू, असे त्यांनी भाषणात सांगितले. ऐकणाऱ्यांना ते समंजसपणाचे वाटले असेल. अनेक वर्षांनी पत्रव्यवहार उजेडात आला. न्यायमूर्ती कॅट्रन आणि ग्रिअर यांच्याशी ब्यूकॅनन यांची पत्रापत्री सुरू होती. ग्रिअर यांनी दक्षिणेच्या न्यायमूर्तींच्या बाजूने यावे म्हणून त्यांनी गळ घातली होती आणि निकाल काय येणार हे ग्रिअर यांनी त्यांना कळवले होते.

प्रश्न मिटेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. टेरिटरीत गुलामगिरी रोखणे हाच ज्या नव्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रम, तो कार्यक्रमच न्यायालयाने बेकायदा ठरवला होता. पक्ष संपण्याऐवजी वाढला. इलिनॉयमधले वकील अब्राहम लिंकन यांनी १८५८च्या सिनेट निवडणुकीत स्टीफन डग्लस यांना या निकालावरूनच कोंडीत पकडले. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी मे १८५७ मधल्या न्यूयॉर्कच्या भाषणात, हा निकालच गुलामगिरीचा शेवट जवळ आणील असे भाकीत केले होते. चार वर्षांत यादवी युद्ध सुरू झाले.

स्कॉट कुटुंबाचे पुढे काय झाले?

निकालानंतर वृत्तपत्रांनी शोध घेतला आणि काँग्रेसमधले गुलामगिरीविरोधी चॅफी यांची पत्नीच देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गुलामाची मालकीण आहे, हे छापून आले. चॅफी यांची पुरती नाचक्की झाली. मिसुरीतल्या गुलामाला मुक्त करायचे तर मालक मिसुरीचाच हवा. म्हणून कुटुंबाची मालकी टेलर ब्लो यांच्या नावे करण्यात आली, म्हणजे पीटर ब्लो यांच्याच मुलाकडे. आयरीनबाईंनी एक अट घातली : कोर्टात साठलेली मजुरीची रक्कम आपल्याला मिळावी. ती त्यांना मिळाली. अकरा वर्षांच्या खटल्यात स्कॉट दाम्पत्याने केलेल्या कष्टांचा पैसा शेवटी मालकिणीच्याच घरी गेला.

२६ मे १८५७ रोजी त्याच सेंट लुइसच्या कोर्टात, त्याच न्यायाधीश हॅमिल्टन यांच्यासमोर टेलर ब्लो यांनी ड्रेड, हॅरिएट, एलिझा आणि लिझी यांना मुक्त केले. खटल्याच्या काळात दोन्ही मुली लपून राहिल्या होत्या, त्या घरी परतल्या. प्रतिवादी सॅनफर्ड तोवर वेड्यांच्या इस्पितळात वारले होते.

मुक्त होऊनही शहरात राहायला परवाना लागे आणि परवान्यासाठी जामीन. तो टेलर ब्लो राहिले. स्कॉट बार्नम्स हॉटेलात हमालाचे काम करू लागले. हॅरिएट लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून देत आणि ते घरोघर पोहोचवायला स्कॉट मदत करत. जून १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सचित्र साप्ताहिकाने चौघांची चित्रे छापली. आज स्कॉट यांचा जो चेहरा सगळीकडे दिसतो, तो त्याच वेळी काढलेल्या छायाचित्रातला.

१७ सप्टेंबर १८५८ रोजी क्षयाने ड्रेड स्कॉट यांचे निधन झाले. स्वातंत्र्य मिळून सोळा महिनेही पुरे झाले नव्हते.

मग तो निकाल पुसला कसा गेला?

युद्ध संपल्यावर, १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने टॉनी यांचा पहिला प्रश्नच कायमचा बंद केला : अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत असलेला प्रत्येक जण नागरिक. वंश, रंग, पूर्वज यांचा उल्लेखही नाही.

तरी काही जण बाहेरच राहिले. ज्या फोर्ट स्नेलिंगमध्ये स्कॉट दाम्पत्याचे लग्न झाले, त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी १८६२-६३च्या हिवाळ्यात सुमारे १६०० डकोटा लोकांना डांबून ठेवले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. जमीन मुळात त्यांची. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा यायला १९२४ साल उजाडले.

टॉनी ऑक्टोबर १८६४ मध्ये वारले, सरन्यायाधीशपदावर असतानाच. त्याच आठवड्यात त्यांच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या नव्या राज्यघटनेवर मतदान सुरू होते. मेरीलँडच्या विधानभवनाबाहेरचा त्यांचा पुतळा २०१७ मध्ये हलवण्यात आला. सेंट लुइसच्या जुन्या कोर्टासमोर २०१२ पासून ड्रेड आणि हॅरिएट यांचा पुतळा उभा आहे, हातात हात घेतलेला. याच कोर्टाच्या पायऱ्यांवर एके काळी मयत मालकांच्या गुलामांचे लिलाव होत.

स्कॉट यांची कबर टेलर ब्लो यांनी १८६७ मध्ये कॅल्व्हरी दफनभूमीत हलवली. तिच्यावर नावाचा दगड बसला तो १९५७ मध्ये. हॅरिएट नवऱ्यामागे अठरा वर्षे जगल्या. युद्ध, गुलामगिरीचा अंत, तिन्ही घटनादुरुस्त्या त्यांनी पाहिल्या आणि १७ जून १८७६ रोजी सेंट लुइसमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांना ग्रीनवूड दफनभूमीत पुरले आहे, नवऱ्यापासून वेगळ्या ठिकाणी. ती जागा शोधून काढायला शतकाहून अधिक काळ लागला.